माजाची सुई नेमकं काय करते? गाय, म्हैस, शेळीचा मेंदू आणि संप्रेरकं

दारणाकाठ · रात्री 8:52

‘डॉक्टर, माजाची सुई मारून द्या’ हे वाक्य सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. जणू बाटलीत माज भरून ठेवलाय, टोचला की गाय हंबरायला लागणार. उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या, गायींच्या धाग्यात निम्मे प्रश्न याच समजुतीतून आले होते, म्हणून हा वेगळा धागा.

आधी वायरिंग समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या आसपास हायपोथॅलॅमस असतो. पुस्तकी मराठीत अधश्चेतक. तिथे विखुरलेल्या हजार-दोन हजार पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक बनवतात. अख्ख्या मेंदूत अब्जावधी पेशी, आणि पुढची पिढी येणार की नाही हे ठरवणाऱ्या एवढ्याच. गंमत म्हणजे या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भात असताना त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि तिथून चालत आत जातात. माणसांत हा प्रवास अडला तर त्या व्यक्तीला वासही येत नाही आणि वयातही येता येत नाही.

जीएनआरएच म्हणजे दहा अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती खास बारीक रक्तवाहिन्यांतून थेट खालच्या पियुषिकेत, म्हणजे पिट्यूटरीत, उतरते आणि काही मिनिटांत मोडून जाते. म्हणून मानेच्या शिरेतलं रक्त काढून जीएनआरएच मोजायला जाल तर हाती काही लागत नाही. पियुषिका मग दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एफएसएच बीजांडातले, म्हणजे अंडाशयातले, फुगे (फॉलिकल) वाढवतं. स्त्रीबीज याच फुग्यात पिकतं. एलएच पिकलेला फुगा फोडून स्त्रीबीज बाहेर काढतं आणि त्याच जागी पीतपिंड, म्हणजे प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ, उभा करतं.

शाली आणि गिलमाँ यांच्या दोन गटांनी 1971 मध्ये जीएनआरएचची रचना उलगडली. एक डुकरांच्या मेंदूवर काम करत होता, दुसरा मेंढ्यांच्या. 1977 च्या नोबेलमध्ये दोघेही होते. आज आपण टोचतो ते ब्युसेरेलिन याच साखळीचं जरा टिकाऊ रूप.

---

सिन्नरची_वगार · 9:10

म्हणजे सुईतही मेंदूचंच संप्रेरक आहे. मग ‘माजाची सुई’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

---

ब्रह्मगिरी · 9:41

बिघडतं ते वेळेत. ताई, जीएनआरएच सतत सुटत नाही, झटक्याझटक्याने सुटतं. माज जवळ आला की साधारण तासाला एक झटका, पीतपिंड जोमात असताना तीन-चार तासांनी एक. झटके जलद झाले की पियुषिका एलएच जास्त सोडते, संथ झाले की एफएसएचकडे झुकते.

1978 मध्ये नोबिल यांच्या गटाने हे माकडांत दाखवलं. हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केलेल्या माकडिणींना तासाला एक झटका दिला, तर एलएच-एफएसएच पूर्ववत झालं. तेच औषध सलग सोडलं, तर दोन्ही ढासळले. औषध तेच, फक्त सोडण्याची पद्धत वेगळी. आपल्याकडच्या भाषेत, पियुषिकेला कालव्याचं आवर्तन लागतं. पाट बारा महिने वाहता ठेवला तर रान चिबडतं.

आता झटके कोण मोजतं? त्या हजार-दोन हजार पेशींना स्वतःला इस्ट्रोजेन ओळखता येत नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्यासाठी लागणारा मुख्य ग्राहक (रिसेप्टर, संप्रेरक पकडणारा रेणू) त्यांच्यात नसतो. मधला निरोप्या आहे किसपेप्टिन. त्याचं जनुक 1996 मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात कर्करोगाच्या संशोधनात सापडलं. तिथल्या ‘किस’ चॉकलेटवरून नाव पडलं, चुंबनाशी संबंध नाही. 2003 मध्ये कळलं की या निरोपाचा ग्राहक बिघडलेली माणसं वयातच येत नाहीत. तेव्हापासून प्रजननशास्त्राची पुस्तकं पुन्हा लिहावी लागली.

किसपेप्टिनच्या पेशींवर सगळ्या खबरा येऊन पडतात: फुग्यातलं इस्ट्रोजेन, पीतपिंडाचं प्रोजेस्टेरॉन, अंगातली चरबी, ताण, ऋतू. एरवी इस्ट्रोजेन त्यांना दाबतं. पण प्रोजेस्टेरॉन उतरलेलं असताना मोठ्या फुग्यातून इस्ट्रोजेन चढत गेलं आणि चढतंच राहिलं, की तेच इस्ट्रोजेन ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर होतं. जीएनआरएचची लाट सुटते, मागोमाग एलएचची. गायीत त्या लाटेपासून 24 ते 32 तासांत स्त्रीबीज सुटतं.

वागणूकही त्याच इस्ट्रोजेनने बदलते. हायपोथॅलॅमसचाच एक गठ्ठा, मध्यभागी खालच्या बाजूला, मादीला ‘उभी राहा’ सांगतो. एरवी दुसरी गाय पाठीवर चढली तर ती शिंग दाखवते किंवा सरकते. त्या बारा-पंधरा तासांत मात्र खूर रोवून, पाठ जरा खाली दाबून उभी राहते. फुगा पिकणं आणि उभी राहणं एकाच संप्रेरकाला बांधलेलं असल्यामुळे वळू आणि बीज यांची वेळ जुळते.

---

सिन्नरची_वगार · 9:55

मग मुका माज कसा? फुगा फुटतो पण गाय हूं की चूं करत नाही.

---

ब्रह्मगिरी · 10:20

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मेंदूला आधी प्रोजेस्टेरॉन मिळालेलं नसतं. गाय-मेंढीत आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन राहून उतरलं, तरच मेंदू इस्ट्रोजेनला नीट दाद देतो. व्यायल्यानंतरच्या पहिल्या बीजाआधी पीतपिंडच नव्हता, म्हणून तो माज बहुतेक मुका जातो. दुसरा दिसतो. ऋतूतल्या पहिल्या बीजाला मेंढीचंही असंच. उंदरात क्रम उलटा, आधी इस्ट्रोजेन आणि शेवटी प्रोजेस्टेरॉनचा हात. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष गोठ्यात उचलून आणायचा नाही.

दुसरं कारण भरपूर दुधाच्या संकरित गायींत. खुराक जास्त म्हणून यकृतातून रक्त जास्त फिरतं, आणि यकृत इस्ट्रोजेन भराभर मोडतं. फुगा मोठा, पण रक्तातलं इस्ट्रोजेन कमी. माज सहा-सात तासांत आटोपतो, तोही रात्री. सकाळी दूध काढणारा म्हणतो, गाय माजावर आलीच नाही.

---

कडवा_कालवा · 10:48

आता सुईकडे येतो. वर सरांनी सांगितलेली मेंदूची चाल आपण बाहेरून वाजवतो, एवढंच. सगळ्यात माहितीतला कार्यक्रम ओव्हसिंक, विस्कॉन्सिन विद्यापीठात बसवलेला, 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला. वार धरून लिहितो, कारण ‘शून्यावा दिवस’ म्हटलं की गडबड होते.

पहिला सोमवार, सकाळी 8: ब्युसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम. मिलीला 4 मायक्रोग्रॅमची बाटली असेल तर अडीच मिली, स्नायूत. असलेला मोठा फुगा फुटावा आणि फुग्यांची नवी लाट सुरू व्हावी म्हणून.

दुसरा सोमवार, सकाळी 8: क्लोप्रोस्टेनॉल 500 मायक्रोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या बाटलीतलं 2 मिली. हे मेंदूचं संप्रेरक नव्हे, गर्भाशयाच्या प्रोस्टाग्लँडिनचं रूप. पीतपिंड विरघळवतं.

बुधवार, दुपारी 4, म्हणजे 56 तासांनी: पुन्हा ब्युसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम. ही आपण हाताने उठवलेली एलएचची लाट.

गुरुवार, सकाळी 8, म्हणजे 16 तासांनी: रेतन, माज दिसो न दिसो.

बीज सुटणार गुरुवारी रात्री आठच्या आसपास. रेताला गर्भाशयातून वर चढून तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून 16 तास हा आकडा. ‘डॉक्टर येतील तेव्हा’ असा नाही. बुधवारची सुई शेतातून यायला उशीर झाला म्हणून रात्री नऊला दिली आणि रेतन गुरुवारी सकाळीच उरकलं, की रेत वाट बघत म्हातारं होतं.

मधेच कुठल्याही दिवशी गाय स्पष्ट माजावर आली तर कार्यक्रम तिथेच थांबवा आणि नेहमीच्या हिशेबाने भरवा: सकाळी दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. तिच्या मेंदूने लाट सोडली असताना आपली लाट वर चढवून फायदा नाही.

---

दारणाकाठ · 11:05

डॉक्टर, फसतं कुठे तेही लिहा. कार्यक्रम व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडे आहे, फसण्याची कारणं कोणाकडे नाहीत.

---

कडवा_कालवा · 11:37

बरोबर. फसण्याच्या जागा अशा.

पहिल्या सुईला फुटण्याजोगा फुगाच नसतो. एलएचला दाद देण्याइतका मोठा व्हायला फुगा साधारण 10 मिलिमीटरचा हवा. चक्राच्या पाचव्या ते बाराव्या दिवसात सुरुवात केली तर हे सहसा जमतं, बाकी दिवसांत नशीब. म्हणून आधी प्रोस्टाग्लँडिनच्या दोन सुया 14 दिवसांच्या अंतराने देऊन, दुसरीनंतर 12 दिवसांनी ओव्हसिंक सुरू करतात. खर्च वाढतो, पण गायी योग्य दिवसांवर येतात.

प्रोस्टाग्लँडिनला कोवळा पीतपिंड दाद देत नाही. माजापासून पाच दिवसांच्या आत दिलं तर पाणी टोचल्यासारखं. जुन्या मोठ्या गायीत एका सुईने पीतपिंड पूर्ण विरघळत नाही, प्रोजेस्टेरॉनचा थोडा अंश राहतो आणि तेवढ्यानेही गर्भधारणा घसरते. म्हणून बरेच जण 24 तासांनी दुसरी सुई देतात.

कालवडींना ओव्हसिंक लागू पडत नाही म्हटलं तरी चालेल. त्यांच्या फुग्यांच्या लाटा जलद असतात, पहिल्या सुईला नीट जुळत नाहीत. नुसतं प्रोस्टाग्लँडिन देऊन माज बघून भरवा, 2 ते 5 दिवसांत येतो.

चक्रच सुरू नसलेल्या गायीत जीएनआरएचच्या एकट्या सुईवर भरवसा नको. तिथे योनीत ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन सात दिवस ठेवतात. मेंदूला जे मिळालं नव्हतं ते दिलं जातं. सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन देऊन साधन काढलं की माज दिसतोही.

आणि सगळ्यात महाग चूक. गाभण तपासणी न करता प्रोस्टाग्लँडिन. गाभण गायींतल्या काही मधूनच माजासारखं वागतात, मालक म्हणतो उलटली, आणि चार महिन्यांचा गर्भ खाली पडतो. हात घातल्याशिवाय ही बाटली उघडायची नाही.

माणसांसाठी: हे औषध कातडीतून आत शिरतं. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने बाटलीला हातही लावू नये. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा. गोठ्यात बहुतेक वेळा गाय बाईच धरते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

निफाड_मळा · 11:52

द्राक्षाच्या जीएसारखंच (जिबरेलिक आम्ल, घड बुडवतात ते) झालं हे. पीपीएम सगळ्यांना पाठ, पण घडाची अवस्था बघून बुडवणारा एखादाच.

---

येवला_वेस · सकाळी 6:15

एक गाय दर आठ-दहा दिवसांनी माजावर, इतरांवर चढते, शेपटीचा माकडहाडापाशी उंचवटा दिसतो. सोट (योनीतला चिकट स्राव) पातळ. तीन वेळा भरवली. हा मेंदूचा प्रश्न की बीजांडाचा?

---

कडवा_कालवा · 7:02

लक्षणं बीजांडात दिसतात, बिघाड बहुतेक वर. हा गळूसारखा राहिलेला फुगा, सिस्ट. फुगा 25 मिलिमीटरच्या वर जातो आणि फुटत नाही, कारण इस्ट्रोजेन चढलं तरी हायपोथॅलॅमस लाट सोडत नाही. मेंदू बहिरा झालाय. इस्ट्रोजेन चालूच म्हणून माजही चालूच, आणि तो खालपासून वरपर्यंत निष्फळ. अशा माजावर भरवणं म्हणजे रेतमात्रा फुकट.

तपासून खात्री झाली तर ब्युसेरेलिन दुप्पट, 20 मायक्रोग्रॅम. फुगा फुटो किंवा त्याच्या भिंतीत पीतपिंडाच्या पेशी तयार होवोत, प्रोजेस्टेरॉन निघायला लागतं. त्या प्रोजेस्टेरॉनने मेंदू पुन्हा ऐकू लागतो. सात-दहा दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, मग येणाऱ्या माजावर रेतन. सिस्ट हाताने दाबून फोडू नका, बीजांड चिकटतं.

---

सिन्नरची_वगार · 7:30

आणि म्हशी? उन्हाळ्यात आमच्याकडे म्हैस माजावर येतच नाही असं सगळे म्हणतात.

---

ब्रह्मगिरी · 8:15

येते, पण कमी आणि लपून. दोन गोष्टी एकत्र येतात. एक, दिवसाची लांबी. नाशकात जूनचा मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या वर, डिसेंबरचा अकराच्या जवळ. फरक जेमतेम अडीच तासांचा, युरोपच्या मानाने काहीच नाही, तरी मुऱ्हा-जाफराबादीच्या मेंदूला तो कळतो. अंधार पडला की पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. रात्र लांब म्हणजे मेलॅटोनिन लांब. पियुषिकेच्या मुळाशी असलेली एक पट्टी ते वाचते आणि शेजारच्या हायपोथॅलॅमसमध्ये थायरॉईडचं सक्रिय संप्रेरक किती बनवायचं ते ठरवते. त्यावरून किसपेप्टिनचा जोर ठरतो. म्हैस, मेंढी, शेळी दिवस लहान होताना जोमात येतात, घोडी दिवस मोठा होताना. पोट किती दिवस वागवायचं हा हिशेब त्यामागे आहे: म्हशीचे सुमारे 310 दिवस, घोडीचे अकरा महिने, शेळीचे पाच.

दुसरी, उष्णता. उन्हाळ्यात म्हशीत प्रोलॅक्टिन चढलेलं आढळतं, जीएनआरएचचे झटके मंदावतात आणि फुगा लहान राहतो. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी. दुपारी डुंबायला खड्डा किंवा दर काही तासांनी फवारा एवढ्यानेही फरक दिसतो. गोठ्यात रात्रभर झगझगीत बल्ब लावून ठेवला तर मेलॅटोनिनची रात्र आखूड होते, हेही लक्षात ठेवा. लावायचाच तर दूध काढण्यापुरता.

---

दारणाकाठ · 8:40

म्हशीचा माज ओळखायची पद्धत मी जोडतो. गायीसारखं चढाचढी शोधत बसू नका, म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात. बघायच्या वेळा पहाटे पाच आणि रात्री नऊनंतर, प्रत्येकी वीस मिनिटं, शेण काढत नव्हे, नुसतं उभं राहून. थोडं-थोडं मुतणं, शेपटी किंचित बाजूला, ओरडणं, दुधात अचानक घट. सोट बाहेर लोंबत नाही, आतच साठतो. म्हैस बसली की खाली सांडतो, म्हणून उठवल्यावर ती बसलेली जागा बघा. काचेसारखा, ताणला तर न तुटणारा. गढूळ किंवा पू मिसळलेला असेल तर भरवायचं नाही, आधी इलाज.

रेडा असेल तर तो सगळ्यात चांगला डॉक्टर. मूत हुंगून मान उंच करतो, वरचा ओठ उलटा वळवतो. टाळूच्या वर वासाचा एक वेगळा अवयव आहे, त्यात तो वास ओढतो.

---

चांदवड_घाट · 9:20

शेळ्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. सुई न लावता अख्खा कळप दहा दिवसांत माजावर आणता येतो, बोकडाच्या वासाने.

पद्धत. बोकड किमान तीन आठवडे लांब. दिसू नये, ऐकू येऊ नये, वास येऊ नये. शेजारच्या भिंतीपलीकडे बांधणं म्हणजे लांब नव्हे, वारा आहे. मग एकदम कळपात सोडायचा. शेळीच्या रक्तात एलएचचे झटके काही मिनिटांत वाढतात. दोन-तीन दिवसांत बीज सुटतं, पण हे पहिलं बहुतेक मुकं, आणि त्याचा पीतपिंड अल्पायुषी. पाच-सहा दिवसांत पुन्हा बीज, आणि हा खरा माज, बोकड सोडल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी. तो 24 ते 48 तास चालतो. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड, माज दिसल्यापासून बाराव्या तासाला आणि चोविसाव्या तासाला अशा दोन वेळा दाखवा.

फसतं तेव्हा कारणं ही. बोकड कायम कळपात, म्हणून वासाची नवलाई संपलेली. किंवा बोकडच सुस्त, डोक्याच्या केसांना वास नाही, मग शेळीचा मेंदू ढिम्म. किंवा शेळ्या आधीच चक्रात आहेत, पीतपिंड उभा आहे. तिथे प्रोजेस्टेरॉन मेंदूला दाबून धरतं, वास काही करू शकत नाही. भाकड पडलेल्या, चक्र थांबलेल्या शेळ्यांतच हे खरं चालतं.

सोबत दोन-तीन आठवडे रोज 200-250 ग्रॅम भरडा वाढवा. आपल्या संगमनेरी आणि उस्मानाबादीला दिवसाच्या लांबीपेक्षा चारा जास्त कळतो. त्या वर्षभर व्यायच्या जाती आहेत.

---

ब्रह्मगिरी · 9:48

दादा, वासातला एक घटक 2014 मध्ये जपानी संशोधकांनी ओळखला: 4-इथाइलऑक्टेनाल. बोकडाच्या डोक्यावरच्या केसांतून उडतो आणि शेळीच्या झटक्यांचं यंत्र चालू करतो. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन जे आम्ल बनतं तोच आपल्याला येणारा बोकडाचा दर्प.

---

इगतपुरी_घाटमाथा · 10:30

डांगी गायीला वासरू सतत मागे असतं. वर्ष उलटून जातं तरी माज नाही. दूध कमी, मग शक्ती कुठे जाते?

---

कडवा_कालवा · 11:12

शक्तीपेक्षा वासरू. चोखण्याने मेंदूत अफूसारखी रसायनं सुटतात, बीटा-एंडॉर्फिन वगैरे, ती जीएनआरएचचे झटके दाबतात. आणि हे फक्त सडाचं काम नाही. प्रयोगात कासेच्या नसा तोडल्या तरी स्वतःचं वासरू चोखत असेल तर माज लांबतो, परकं वासरू लावलं तर तसा लांबत नाही. गाय आपलं वासरू डोळ्यांनी आणि नाकाने ओळखते, म्हणजे गाठ मेंदूत आहे. महिन्या-दीड महिन्यानंतर वासरू दिवसातून दोनदाच पाजा, बाकी वेळ नजरेआड बांधा. दावणीला समोरच बांधलं तर निम्मा उपयोग.

शक्तीचाही वाटा आहेच. चरबीतलं लेप्टिन, रक्तातलं इन्शुलिन ही मेंदूला जाणारी शिध्याची खबर. व्यायल्यानंतर गाय अंगकाठीच्या (एक हाडकुळी, पाच लठ्ठ) पाचाच्या मापात एका अंकापेक्षा जास्त खंगली तर चक्र सुरू व्हायला उशीर होणारच. विताना अंग तीन ते साडेतीनवर ठेवा. विल्यावर कोंबून ते भरून निघत नाही. घाटमाथ्यावर पावसात चारा पाणचट, पोट भरतं पण कोरडा अंश कमी, हे मोजायला विसरतो आपण.

---

सिन्नरची_वगार · दुपारी 1:05

पान्ह्याची सुई पण मेंदूचीच ना? ती रोज दिली तर?

---

दारणाकाठ · 1:40

ऑक्सिटोसिन. हायपोथॅलॅमसच्या दोन गठ्ठ्यांत बनतं, पियुषिकेच्या मागच्या भागात साठतं, तिथूनच सुटतं. सड पुसले, वासराने ढुशी दिली, बादलीचा आवाज झाला की सुटतं, आणि मिनिटभरात कासेत पोचतं. रक्तात त्याचं आयुष्य काही मिनिटांचं. म्हणून सड पुसल्यापासून एक-दीड मिनिटात यंत्र किंवा हात लागला पाहिजे आणि सहा-सात मिनिटांत दूध संपलं पाहिजे. पुसून चहाला गेलात तर पान्हा उतरून चढून जातो. मारहाण, कुत्रं, नवा माणूस यांनी ॲड्रिनॅलिन सुटतं आणि ते कासेवर ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. गायीने ‘दूध चोरलं’ म्हणतो ते हे.

रोज सुई दिली की जनावर सुईशिवाय पान्हाच सोडत नाही. शिवाय दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे.

---

कडवा_कालवा · 2:10

अडलेल्या गायीला घरच्या घरी ऑक्सिटोसिन तर अजिबात नको. वासरू गर्भाशयाच्या मुखावर दाबतं तेव्हा मेंदू आपोआप सोडतोच. मुख उघडलेलं नाही किंवा वासरू आडवं आहे, आणि वरून सुई दिली, तर गर्भाशय फाटतं. आधी हात, मग सुई.

---

चांदवड_घाट · 2:45

याच संप्रेरकाचा एक उपयोग. पोरकं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं असेल तर ती व्याल्यापासून पहिल्या दोनेक तासांत. व्यायच्या वेळी योनी-मुख ताणलं जातं, मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्या वेळेला जो वास नाकात जातो तोच ‘माझं पिल्लू’. पोरकं करडू कोमट पाण्याने धुवा, तिच्या पाणमोटीच्या पाण्यात भिजवा, डोकं आणि शेपटीखालचा भाग नीट माखा, मग तिच्या तोंडापुढे ठेवा. चाटायला लागली की झालं. चार-सहा तास गेले की दारं बंद, मग डोकं बांधून पाजणं आलं.

---

गंगापूररोड_श्वान · 4:20

गाय-म्हशीत अडकलेल्या धाग्यात कुत्र्याचा प्रश्न चालेल का? नराला शस्त्रक्रियेऐवजी कातडीखाली रोपण करतात ते काय?

---

ब्रह्मगिरी · 5:00

चालेल, कारण तेच नोबिल यांचं माकड. डेस्लोरेलिन 4.7 मिलिग्रॅमचं रोपण जीएनआरएचसारखं औषध सतत सोडत राहतं. आधी पियुषिका भडकते, पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, मग ग्राहक थकून बंद पडतात आणि काही आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन खाली जातं. परिणाम सहाएक महिने. म्हणून रोपण केलं आणि दुसऱ्याच दिवसापासून नर मोकळा सोडला तर पिल्लं होणार. किमान सहा आठवडे वेगळा ठेवा. मादीला दिलं तर आधीच्या भडक्याने माजच येऊ शकतो.

ससे आणि मांजरींत लाटेची किल्ली समागमच आहे. योनीतल्या उत्तेजनाने लाट उठते, सशात दहा-बारा तासांत बीज सुटतं. सशाचा माज तारखेने मांडून ठेवणाऱ्यांनी हे बघावं.

---

गोदाघाट · 6:30

माणसाचं पण सांगा की. ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचं रसायन असं सगळीकडे वाचतो.

---

ब्रह्मगिरी · 7:10

प्रेअरी व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात मादीची जोडी जमायला ऑक्सिटोसिन, नराची जमायला व्हॅसोप्रेसिन महत्त्वाचं ठरलं. त्याचा चुलत भाऊ, डोंगराळ भागातला मोंटेन व्होल, जोडी करत नाही, आणि दोघांच्या मेंदूत ग्राहकांची वाटणी वेगळी. तेवढ्यावरून माणसाच्या लग्नावर बोलणं मला पटत नाही. माणसाला माज नाही, त्याची इच्छा महिन्याच्या चक्राला गायीसारखी बांधलेली नाही. जीएनआरएचचे झटके मात्र तेच. तिथल्या तक्रारींना डॉक्टरच बरे, हा धागा गोठ्याचा राहू द्या.

---

येवला_वेस · रात्री 8:25

शेवटचे दोन. खच्ची केलेला बोकड अजून चढतो, चिमटा नीट बसला नाही का? आणि पाडा-कालवड जुळी झालीत, कालवड ठेवावी का?

---

कडवा_कालवा · 9:05

बोकड: आधी अंडकोष चाचपा. महिनाभरात आकसून सुपारीसारखे घट्ट व्हायला हवेत. आकसले असतील तर चिमटा बसलाय. टेस्टोस्टेरॉन लवकर उतरतं, पण चढण्याची वागणूक हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात घट्ट बसलेली असते आणि आधी माद्या बघितलेला नर महिनोन् महिने चढत राहतो. तीन-चार महिन्यांच्या आत खच्ची केला तर हे फार कमी. नळीत उरलेल्या रेताने शेळी गाभण राहू शकते, म्हणून पहिला महिना वेगळाच.

कालवड: अशा जुळ्यांत दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात, पाड्याची संप्रेरकं तिच्यात जातात आणि गर्भाशय-बीजांड नीट घडतच नाही. दहापैकी नऊहून जास्त वांझ निघतात. योनीत गुळगुळीत परीक्षानळी हलक्या हाताने घालून बघा. चांगल्या कालवडीत चार-सहा आठवड्यांच्या वयाला ती बारा-पंधरा सेंटिमीटर आत जाते, हिच्यात पाच-आठवर अडते. अडली तर कालवड म्हणून विकू नका, घेणाऱ्याला सांगून द्या. अडली नाही तरी भरवायच्या वयाला एकदा हात घालून गर्भाशय तपासून घ्या.